इंग्लंडच्या कालव्यावर एक दिवस: लॉकमधून बोट नेण्याची रीत, खास नाशिककरांसाठी

मुलगा-सून बर्मिंगहॅमला किंवा रेडिंगला नोकरीला, आई-बाबा मे-जूनमध्ये दोन महिने राहायला, आणि एका शनिवारी घरातलं कोणीतरी दिवसभरासाठी बोट बुक करतं. नाशिकच्या बऱ्याच घरांत हल्ली हे घडतं. गंगापूर धरणाच्या बोट क्लबवर आपण तिकीट काढतो, लाइफ जॅकेट घालतो आणि बसतो; चालवणारा वेगळा असतो. इंग्लंडच्या कालव्यावर तसं कोणी नसतं. भाड्याच्या बोटीसाठी वेगळा परवाना लागत नाही. कंपनीचा माणूस अर्धा तास समजावतो, किल्ली हातात देतो आणि धक्क्यावरून हात हलवतो. पुढचे लॉक तुम्हीच उघडायचे, तुम्हीच बंद करायचे.

अवघड काही नाही. पण त्या अर्ध्या तासात सांगितलेलं निम्मं वाऱ्यात उडून जातं, म्हणून हे निघण्याआधी घरी बसून वाचा.

लॉक म्हणजे नेमकं काय

आपल्याकडचे कालवे शेतीचे. पाणी उताराने वाहत गेलं की काम झालं, बोट न्यायची नसते. त्यामुळे गोदावरीच्या काठी जन्म काढूनही आपण लॉक पाहिलेला नसतो. (याच गोदावरीवर खाली आंध्रात धवळेश्वरमला आर्थर कॉटनने 1847 ते 1852 मध्ये बंधारा बांधला आणि तिथल्या कालव्यांवर बोटींसाठी लॉक केले. वरच्या अंगाला मात्र ती गरजच पडली नाही.) इंग्लंडचे कालवे मालवाहतुकीसाठी खोदलेले. टेकडी आली की पाण्याचा जिना करावा लागतो. त्या जिन्याची एक पायरी म्हणजे एक लॉक.

दगडी भिंतींचा लांबट हौद, दोन्ही टोकांना लाकडी किंवा लोखंडी दरवाजे. बोट आत घेऊन दरवाजे लावायचे, मग हौद भरला की ती वर चढते, रिकामा केला की खाली उतरते. अरुंद कालव्यावर हा हौद साधारण 72 फूट लांब आणि 7 फूट रुंद असतो. बोट 6 फूट 10 इंच रुंद. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून दोन इंच मोकळे. दरवाज्यातून आडवी येणारी जाड तुळई ढकलून दरवाजा उघडतो. दरवाज्यात किंवा शेजारच्या जमिनीत पाणी सोडायच्या झडपा असतात, त्यांना तिथे ‘पॅडल’ म्हणतात. ऐकून वल्हं डोळ्यासमोर येतं, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. आपल्या कालव्यावर पाटकरी चाक फिरवून दार उचलतो, तसंच हे. फिरवायचं हँडल सुटं असतं, इंग्रजी ‘एल’च्या आकाराचं, टोकाला चौकोनी भोक. त्याचं नाव विंडलास. बोटीवर किमान दोन मागून घ्या. शहरी भागात काही पॅडलना कुलूप असतं, त्याची वेगळी किल्ली लागते. तीही निघतानाच विचारा.

एक लॉक रिकामा होताना किती पाणी जातं? 22 मीटर लांब, 2.1 मीटर रुंद आणि समजा 2.4 मीटर चढ, म्हणजे सुमारे 1 लाख 10 हजार लिटर. दहा हजारी टँकर अकरा. आवर्तनाची वाट पाहणाऱ्या माणसाला यापुढचं सांगायला नको: लॉक तुमच्या विरुद्ध स्थितीत असेल (चढायचं असताना भरलेला, उतरायचं असताना रिकामा) आणि समोरून बोट येताना दिसत असेल, तर आधी तिला येऊ द्या. तिच्याच पाण्यात तुमचं काम होतं.

मार्ग आणि वेळ

हिशोब सोपा आहे. मैल आणि लॉक यांची बेरीज करा, तीनने भागा, तितके तास. जाऊन-येऊन 6 मैल आणि 6 लॉक असतील तर 12 भागिले 3, चार तास. नवख्यांनी त्यावर निम्मे आणखी धरा, म्हणजे सहा. सकाळी साडेनऊला बोट मिळून पाचच्या आत परत द्यायची असेल तर जेवण धरून यापेक्षा मोठा बेत नको. वेगमर्यादा ताशी 4 मैल आहे, चालण्याहून जरा जास्त; उशीर झाला म्हणून पळवता येत नाही. पळवली तर लाटा काठ खातात आणि बांधलेल्या बोटींतले लोक बाहेर येऊन बोलतात.

पहिल्या दिवशी सुटे दोन-तीन लॉक असलेला पट्टा निवडा. हॅटनचे 21 लॉक किंवा टार्डबिगचे 30 काठावरून पाहायला जा, बोट घेऊन नको. बिंगलीसारखी जोड-लॉकची शिडी, जिथे एका लॉकचा वरचा दरवाजा हाच पुढच्याचा खालचा असतो, तीही पहिल्या खेपेला टाळा. तिथे पॅडलचा क्रम चुकला की पाणी भलतीकडे जातं. इंग्लंड आणि वेल्समधले बहुतेक कालवे 2012 पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट सांभाळतं. दुरुस्ती किंवा पाणीटंचाईमुळे बंद असलेले लॉक त्यांच्या संकेतस्थळावर असतात. आदल्या रात्री पाहून घ्या.

बोट परत फिरवायची जागाही नकाशावर आधीच शोधा. कालवा बोटीच्या लांबीपेक्षा अरुंद असतो, वाटेल तिथे वळत नाही. ठरावीक ठिकाणी काठात खाच असते, तिला विंडिंग होल म्हणतात. पुढचं टोक खाचेत घालायचं आणि मागचं फिरवायचं.

सुकाणू

मागे उभं राहून एक आडवा दांडा धरायचा असतो. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते, आणि पहिली वीस मिनिटं सगळेच चुकतात. भाजीची लांब हातगाडी मागून ढकलताना काय करतो ते आठवा: पुढचं टोक उजवीकडे न्यायचं तर आपण मागचं डावीकडे सारतो. दांडा ज्या बाजूला, मागचा भाग त्या बाजूला. बोट साधारण मधल्या भागावर फिरते, म्हणून वळणावर पुढचं टोक सुटलं तरी मागचं काठाला घासतं.

ब्रेक नाही. थांबायचं तर रिव्हर्स, आणि रिव्हर्समध्ये सुकाणू जवळपास चालत नाही. म्हणून लॉकच्या तोंडाशी पोहोचायच्या बऱ्याच आधी वेग कमी करा. समोरून बोट आली की आपण उजवीकडे, म्हणजे भारतातल्या रस्त्याच्या उलट. इंग्लंडच्या रस्त्याच्याही उलट.

शब्द आधी ठरवा

हे कोणत्याच इंग्रजी माहितीपत्रकात सापडणार नाही, कारण ही अडचण मराठीची आहे. काठावर विंडलास घेतलेला भाचा, बोटीत मामा. मामा ओरडतो, “सोड!” भाच्याने काय समजायचं? ‘पाणी सोड’ म्हणजे झडप उघड. ‘पॅडल सोड’ म्हणजे झडप खाली टाक. दोन्ही अर्थ बरोबर, आणि एकमेकांच्या नेमके उलट. ‘थांब’ही धोक्याचं: ऐकणारा हँडल फिरवायचं थांबवतो, झडप मात्र अर्धी उघडीच राहते आणि पाणी चालूच.

म्हणून दोनच शब्द: “उघड” आणि “बंद”. तिसरा शब्द नाही. इंजिनाच्या आवाजात तेही ऐकू जात नाहीत, तेव्हा खूण ठरवा: दोन्ही हात डोक्यावर फुली करून धरले की सगळं बंद. आणि विंडलासवाल्याने बोटीकडे पाहायचं, फोनकडे नाही. आजोबा काठावर उभे असतील आणि त्यांना काही खटकलं, तर त्यांचीही फुली तितकीच चालते.

वर चढताना

1. लॉक रिकामा आहे का पाहा. भरलेला असेल तर वरची पॅडल बंद असल्याची खात्री करून खालची उघडा आणि पातळी उतरू द्या.

2. खालचे दरवाजे उघडा. दोन्ही बाजूंचे फेंडर, म्हणजे लोंबणारे रबरी गोळे, वर घ्या; अरुंद लॉकमध्ये तेच पाचर होऊन अडकतात. बोट अगदी हळू आत.

3. खालचे दरवाजे बंद, खालची पॅडल पूर्ण खाली. हे दोनदा पाहा. एक पॅडल चार बोटं उघडं राहिलं तर लॉक भरता भरत नाही आणि अर्धा तास कोणालाच कारण कळत नाही.

4. आता वरची पॅडल, आधी जमिनीतली. अर्धं उघडा, बोट स्थिर झाली की पूर्ण. बोट आधी मागे ढकलली जाते, मग पुढे ओढली जाते. सुकाणूवाल्याने इंजिन चालू ठेवून थोडं पुढे, थोडं मागे करत सांभाळायचं. बोटीचं पुढचं टोक दरवाज्याच्या एखाद्या आडव्या पट्टीखाली अडकत नाही ना, याकडे एकाचा डोळा हवा.

5. वरच्या दरवाज्यातच पॅडल असेल तर त्याचं तोंड पाण्याखाली गेल्याशिवाय त्याला हात लावू नका. आधी उघडलं तर धबधबा थेट बोटीच्या पुढच्या भागात पडतो.

6. पातळी सारखी झाली की तुळईला पाठ लावून ढकला. पायाखाली विटांच्या उंच पट्ट्या असतात, त्यांना टाच रोवा. हलत नसेल तर ताकद लावू नका, थांबा. दरवाज्याचा 5 चौरस मीटर भाग पाण्यात असेल आणि दोन्हीकडच्या पातळीत फक्त 2 सेंटीमीटर फरक असेल, तरी दाब सुमारे 100 किलोंचा होतो. मिनिटभराने तोच दरवाजा एका हाताने उघडतो.

बोट बाहेर निघाली की दरवाजा बंद, पॅडल खाली.

विंडलास दांड्यावर ठेवून कधीही बाजूला होऊ नका. दातेरी चाक मागे फिरू नये म्हणून एक खटका असतो. तो निसटला तर झडप स्वतःच्या वजनाने कोसळते आणि हँडल पंख्यासारखं फिरतं. मनगट मोडतं, दात पडतात. पॅडल उचलून झालं की खटका बसला का पाहायचं आणि हँडल काढून हातात घ्यायचं. बंद करतानाही हँडलने फिरवतच खाली आणायचं. ओढणी, पदर, मफलर या दातेरी चाकापासून लांब, आणि बोटीच्या मागच्या फिरत्या पंख्यापासूनही.

खाली उतरताना: इथे लक्ष द्या

चढताना चुकलं तर बहुधा धक्के बसतात. उतरताना चुकलं तर बोट बुडते.

वरच्या दरवाज्याच्या बुडाशी एक दगडी किंवा सिमेंटचा उंबरठा असतो, लॉकच्या आत दीड मीटरपर्यंत आलेला. त्याला ‘सिल’ म्हणतात. लॉक भरलेला असताना तो पाण्याखाली दिसतही नाही. पाणी उतरू लागलं आणि बोटीचं मागचं टोक त्याच्या वर असलं, तर ते तिथेच टेकतं; पुढचं टोक पाण्याबरोबर खाली जात राहतं. बोट तिरकी होते, पुढच्या मोकळ्या भागातून पाणी आत शिरतं. सगळा खेळ दोन-तीन मिनिटांचा.

हा उंबरठा कुठवर आहे ते काठावर पांढऱ्या रेघेने दाखवलेलं असतं. बोट आत आली की आधी ती रेघ शोधा, मग बाकी सगळं. मागचं टोक रेघेच्या चांगलं पुढे हवं, आणि बोट उतरेपर्यंत तिथेच राहायला हवं. दिवसाच्या भाड्याच्या बोटी बहुतेक 30-40 फुटी, लॉक 72 फुटी. जागा भरपूर म्हणून लोक निर्धास्त होतात. खरा धोका त्या मोकळ्या जागेतच आहे. खालची पॅडल उघडली की पाणी बोटीला पुढच्या दरवाज्याकडे ओढतं. दरवाजा आपटू नये म्हणून सुकाणूवाला रिव्हर्स टाकतो, जरा जास्त टाकतो, आणि बोट गुपचूप मागे सरकत उंबरठ्यावर येते. तो पुढे पाहत असतो. रेघ त्याच्या पाठीमागे असते.

म्हणून पहिलं अर्धं मिनिट पॅडल अर्धीच उघडा, आणि काठावरच्या एका माणसाला फक्त रेघेवर उभं करा. त्याला दुसरं काम नको.

आपण पूर दुतोंड्या मारुतीवर मोजतो. लॉकमध्ये भिंत पाहा. उतरणाऱ्या पाण्यामागे हिरव्या शेवाळाचा ओला पट्टा उघडा पडतो. दोन्ही टोकांना बोटीच्या कडेपासून तो पट्टा सारख्याच उंचीचा दिसायला हवा. मागे कमी, पुढे जास्त दिसू लागला की बोट टेकली आहे. फुली करा. क्रम असा: खालची पॅडल ताबडतोब बंद, मग वरची हळूहळू उघडून पाणी पुन्हा भरा. बंद न करताच वरून पाणी सोडलं तर लॉक भरतच नाही. दरम्यान आतल्या माणसांना बाहेर काढा, सामान राहू द्या.

उतरताना दोर काठावरच्या खांबाला पक्का बांधायचा नाही, हेही त्याच कारणाने. खांबाभोवती एक वेढा द्या, टोक हातात धरा, पाणी उतरेल तसा सैल सोडत जा. बांधलेली बोट दोराला लटकते.

ऊन, सर, वारा, पुन्हा ऊन

आपला पाऊस सांगून येतो. मृगाआधी वळीव आला तरी तासभर आधी आभाळ भरतं. तिथे सकाळी दहाला ऊन, सव्वादहाला सर, अकराला पुन्हा ऊन आणि दुपारी वारा असा दिवस अगदी नेहमीचा. छत्री नको: एका हातात छत्री आणि दुसऱ्यात सुकाणू जमत नाही, शिवाय ती पहिल्या पुलाखालीच उलटी होते. त्र्यंबकला जुलैत घालतो तसा जाड रेनकोट, पावसाळी पँट, आत दोन पातळ थर. पायात लेसचे, पकड असलेले बूट. चपला, फ्लोटर्स अजिबात नाहीत. ओल्या तुळईवर आणि दरवाज्यावरच्या फळीवर शेवाळ असतं. उडी मारून पलीकडे जायचं नाही, चार पावलं फिरून पुलावरून जा.

पावसापेक्षा वारा जास्त छळतो. बोट पाण्यात जेमतेम दोन फूट आणि पाण्यावर चार-पाच फुटी लोखंडी भिंत, म्हणजे शिडच. वेग कमी झाला की पुढचं टोक वाऱ्याबरोबर काठाला जातं. म्हणून वाऱ्यात लॉकची वाट पाहत कालव्याच्या मध्ये तरंगत राहू नका. लॉकच्या आधी बांधायचे खांब असतात, तिथे लावून ठेवा. लॉककडे जाताना वारा येतोय त्या बाजूला नेम थोडा जास्त धरा. थांबताना जमेल तर वाऱ्याकडे तोंड करून लावा. परत फिरताना तोच वारा उपयोगी पडतो: पुढचं टोक खाचेत टेकवलं की मागचं तो ढकलतो. झोत ताशी 30 मैलांच्या पुढे जाणार असा अंदाज असेल तर नवख्यांनी तारीख बदलून घ्यावी.

जोराची सर येऊन गेल्यावर आणखी एक गोष्ट होते. लॉकच्या वरचं जास्तीचं पाणी शेजारच्या सांडव्याने खाली येतं आणि बहुधा लॉकच्या खालच्या तोंडाशीच कालव्यात पडतं. एरवी ते कळतही नाही. पाऊस झाला की तो झोत, तुम्ही नेम धरून दरवाज्यात शिरत असतानाच, पुढचं टोक कडेला लोटतो. चढायला येताना खदखदणारं पाणी कोणत्या बाजूने येतंय ते लांबूनच पाहा, नेम त्या बाजूला धरा आणि थोडा वेग राखून शिरा. नदीचा पट्टा वाटेत असेल तर पावसानंतर तिथे जाऊच नका.

वीज कडाडू लागली तर बोट बांधून सगळे आत. आत स्टोव्ह किंवा गॅसवर चहा ठेवला असेल तर थंडी लागते म्हणून झरोके बुजवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बिघाड आणि अपघात

बोट अचानक थरथरू लागली, मागून काळा धूर आणि वेग गेला, तर पंख्यात प्लॅस्टिक किंवा दोर अडकला आहे. काठाला लावा, इंजिन बंद, किल्ली खिशात. मग मागच्या तळाशी असलेलं झाकण उघडून हाताने काढायचं. सोबत कात्री असावी. झाकण परत नीट आवळल्याशिवाय इंजिन सुरू केलंत तर पंखाच पाणी आत फेकतो. कंपनीने हे तुम्ही करू नका असं सांगितलं असेल तर सरळ फोन करा.

गाळात रुतली तर जोर लावून पुढे जाऊ नका. रिव्हर्स, सगळे खोल पाण्याच्या बाजूला, आणि बांबूने काठ किंवा तळ रेटा.

कोणी पाण्यात पडलं तर आधी इंजिन न्यूट्रल आणि बंद. मागे घ्यायला रिव्हर्स टाकू नका, पंखा तिथेच आहे. लॉकमध्ये असाल तर सगळी पॅडल बंद. कालवा बहुतेक ठिकाणी कमरेइतकाच असतो, उभं राहता येतं. लॉकमध्ये मात्र नाही. मे महिन्यातही पाणी 15 अंशांच्या खाली असू शकतं. पडल्यावर दम कोंडतो, हात-पाय झाडावेसे वाटतात. पाठीवर तरंगत मिनिट-दीड मिनिट काढलं की श्वास ताब्यात येतो, मग पोहायचं. पोहता न येणाऱ्यांना आणि मुलांना जॅकेट दिवसभर अंगावर, लॉकपुरतं नाही. आणि बोट भिंतीला लागत असेल तर हातापायांनी अडवू नका; ती काही टनांची असते.

जेवायला बांधायचं तर सरळ काठावर. लॉकजवळ, पुलाखाली, वळणावर किंवा फिरण्याच्या खाचेत नाही. काठात लोखंडी खुंट्या ठोकाव्या लागतात. पुढचा आणि मागचा दोर बोटीपासून तिरपे, एकमेकांपासून दूर जाणारे बांधा, म्हणजे शेजारून बोट गेली तरी आपली हलत नाही. खुंटीवर पिवळी पिशवी अडकवा, काठावरून धावणारे अडखळतात. सुकाणूवाल्याला बसून जेवता येतंच असं नाही. पोळीत भाजी गुंडाळून दिलेली बरी. वायनरीच्या गावचे असलात तरी काठावरच्या पबमधला ग्लास बोट परत दिल्यावर.

बोट देताना विंडलास मोजून द्या. एक हमखास कालव्यात गेलेला असतो, बहुतेक शेवटच्या लॉकवर, ओल्या हातातून. पडला ती जागा काठावर खूण करून ठेवा आणि कंपनीला सांगा. दोरीला जड चुंबक बांधून तो बरेचदा पाच मिनिटांत बाहेर काढतात.